कंप्युटरनं मारलेले बोपचे सर

हसून घ्यायचं असेल तर आताच घ्या बाप्पा, कारण मी सांगायला लागले की माझं मलाच हसू आवरत नाही आणि गोष्ट अर्धी राहते. एका जित्याजागत्या, धडधाकट माणसाला मी मारलं! तेही भर कार्यक्रमात, पडद्यावर, मोठ्या अक्षरात. हातात ना सुरी ना विळा. नुसता कीबोर्ड.

दोन हजार सहा-सातच्या आसपासची गोष्ट असेल. गोंदियातल्या एका कृषी महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. आमचं ग्रंथालय म्हणजे सगळं शेतीचं. माती, धान, खत, किडी. कथा-कादंबरी औषधालाही सापडायची नाही. आणि पुस्तक शोधायचं साधन एकच, कार्डांचं लाकडी कपाट. छोटे छोटे खण, खणात कार्डं, कार्डावर पुस्तकाचं नाव. दमट दिवसांत ते खण असे फुगायचे की एकानं कपाट धरायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं. जोर लावला की खण सुटून हातात, कार्डं फरशीवर, आणि मृदाशास्त्राची कार्डं कीटकशास्त्रात! मग बसा निवडत.

म्हणून मी कंप्युटरच्या मागं लागले. पुस्तकाचं नाव टाका, बटण दाबा, पुस्तक कुठल्या कपाटात आहे, नसेल तर कोणाकडं आहे, सगळं समोर हजर. नागपूरला प्रशिक्षण घेऊन आले होते ना, पायच जमिनीवर नव्हते माझे.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष नवेगावकडचे मोठे शेतकरी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. ते म्हणाले, "बाई, कार्ड काही करंट मागते काय? लाइन गेली तं तुमचा कंप्युटर काय कंदील लावून पाहणार?"

लोडशेडिंगचे दिवस होते, प्रश्न काही खोटा नव्हता. पण मी ऐकते कशाला! शेवटी त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. नाही चालला तर कंप्युटर उचलून ऑफिसात, आणि कार्डांचं कपाट परत जागेवर.

आता ते सॉफ्टवेअर होतं फुकटातलं, पण परदेशी. सगळा पडदा इंग्रजीत. आमचे प्राचार्य टेंभरे सर म्हणाले, "मॅडम, आपली मुलं केशोरी, सालेकसा, देवरीकडची. पडदा मराठीत पाहिजे."

सोय होती तशी. इंग्रजी शब्दांची एक लांबलचक यादी यायची, समोर आपण मराठी शब्द भरायचा. कंप्युटर शिकवणारे एक सर म्हणाले, मी करून देतो. त्यांनी व्हॉल्यूमला काय लिहावं? 'आवाज'! म्हणजे मृदाशास्त्र, आवाज दुसरा. मी त्यांना अशी हसले, अशी हसले की बिचारे त्या दिवसापासून ग्रंथालयात पाय टाकेनात. म्हटलं, हे माझं काम आहे. मीच करणार.

आणि केलं की! व्हॉल्यूमला खंड, इश्यूला अंक. जमिनीवरून सव्वा हात वर चालत होते मी. यादी मात्र नुसत्या शब्दांची. मागं नाही पुढं नाही, कोणता शब्द पडद्यावर कुठं येणार काही कळायचं नाही. 'ॲक्टिव्ह' आला, लिहिलं 'चालू'. मग आला 'एक्स्पायर्ड'. याला कशाला लागते डिक्शनरी? आपल्याकडं माणूस इंग्रजीत मेला की एक्स्पायर्डच होतो! लिहिलं 'मयत' आणि पुढच्या शब्दाला लागले.

तुम्ही आत्ताच हसायला लागलात. तुम्हाला कळलं. मला नाही कळलं. सभासदाची वर्षाची मुदत संपली की त्याच्या नावापुढं तो शब्द येतो, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण तेव्हा बहुतेक जेवणाची सुट्टी जवळ आलेली असावी.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. हॉलमध्ये पडदा लावला, प्रोजेक्टर आणला, कंप्युटरला हार घातला. विद्यार्थी, प्राध्यापक, सगळे हजर. निवृत्त प्राध्यापकांनाही पत्रिका पाठवल्या होत्या. भाऊसाहेब तेवढे शेतीच्या कामानं येऊ शकले नव्हते. प्राचार्यांनी नारळ फोडला आणि पहिला शोध स्वतः घेतला. 'धान'. बटण दाबलं. पुस्तकांची अशी रांग आली पडद्यावर की टाळ्याच टाळ्या! पहिल्याच पुस्तकापुढं आलं: पुस्तक कोणाकडे, प्राचार्य टेंभरे. सभासदाची स्थिती, चालू.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. प्राचार्य चालू! टेंभरे सरांनी मागं वळून पाहिलं, पण त्यांना वाटलं मुलं आनंदली.

मग रामटेके सर उठले. हे मृदाशास्त्राचे तरुण प्राध्यापक, माणूस फार हळवा. म्हणाले, "मॅडम, बोपचे सरांनी आपल्या जिल्ह्यातल्या मातीवर एक पुस्तक केलं होतं, टाइप केलेलं. एकच प्रत आहे. ते दाखवा ना."

बोपचे सर म्हणजे आमच्याच कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. रामटेके त्यांचेच विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर सर केशोरीला आपल्या गावी राहायला गेले होते. मी ऐटीत नाव टाकलं, बटण दाबलं.

पुस्तक कोणाकडे: प्रा. बोपचे. सभासदाची स्थिती: मयत.



"सर गेले?" रामटेके सर मटकन खालीच बसले. "कधी?"

प्राचार्य माझ्याकडं पाहू लागले. मी पडद्याकडं. म्हटलं, "सर, कंप्युटर दाखवून राहिलाय ना." मला काय वाटलं सांगू? सभासदांची सगळी माहिती ऑफिसातून आली होती. म्हटलं, ऑफिसनं टाकलं असणार. प्राचार्यांनी ऑफिसच्या बडे बाबूंना विचारलं, "बाबू, तुम्हाला माहीत होतं?"

आता बडे बाबूंची एक खोड. मला माहीत नाही, हे वाक्य त्यांनी नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं. त्यांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "कानावर होतं सर. तब्येत ठीक नव्हती म्हणे."

झालं! कंप्युटरनं सांगितलं, ऑफिसनं दुजोरा दिला. मग काय विचारता? कोणाला ते गेल्या महिन्यात सुकलेले दिसले होते. कोणाच्या स्वप्नात येऊन ते नुसतेच उभे राहिले होते. प्राचार्यांनी सरांच्या घरी फोन लावला, तर 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत'. फोन ठेवत म्हणाले, "बरोबर आहे. घरी रीघ लागली असेल." सर मोबाइल वापरत नव्हते. उद्घाटनाची जागच्या जागी शोकसभा झाली. कंप्युटरच्या गळ्यात हार तसाच!

प्राचार्य बोलायला उभे राहिले. "आजचा दिवस आनंदाचा," इतकं तोंडातून गेलं, मग सावरले. सरांबद्दल फार चांगलं बोलले हो. आणि शेवटी काय म्हणावं? "या नव्या शोधयंत्रणेमुळे ही दुःखद वार्ता आपल्याला तत्काळ मिळू शकली. याबद्दल ग्रंथपाल मॅडमचे अभिनंदन."

मी डोळे पुसत मान लववली. लववली बाप्पा! खोटं कशाला बोलू.

दोन मिनिटं मौन झालं, अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर झाली, पोरं उड्या मारत पण उदास चेहऱ्यानं बाहेर पडली. उद्घाटनाचे पेढे उघडावेत की नाही, यावर थोडी चर्चा झाली आणि ते उघडलेच. प्राचार्यांनी भाऊसाहेबांना नवेगावला फोन करून कळवलं. ते म्हणाले, मी इकडूनच निघतो. आणि कॉलेजतर्फे केशोरीला जायचं ठरलं ते मी, रामटेके सर आणि बडे बाबू.

सुमो भाड्यानं केली. ड्रायव्हरचं नाव लखन. बाजारातून हे एवढं मोठं पुष्पचक्र घेतलं. फुलचूर नाका गेला. पुढं रामटेके सर सरांच्या एकेक आठवणी सांगत रडत होते, मी त्यांना रुमाल देत होते, बडे बाबू खिडकीबाहेर पाहत होते. आता मला कळतं ते बाहेर का पाहत होते!

कोहमारा आलं. लखन म्हणाला, "मॅडम, चाय पी लेते. आगे कुछ नहीं मिलेगा."

ढाब्यावर उतरलो. चहा आला. रामटेके सरांनी ग्लास तोंडाला लावला आणि तो तसाच तिरपा होऊन शर्टावर सांडायला लागला. त्यांना शुद्धच नव्हती.

"मॅडम," ते कसेबसे म्हणाले, "पलीकडच्या बाकावर... सर."

"कोणते सर?"

"आपले. मयतवाले."

पाहते तर खरंच! पांढरा इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी, आणि बोपचे सर मजेत आलूबोंडा खात बसलेले. आम्हाला पाहून त्यांनी हात हलवला.

"अरे रामटेके! असा काऊन पाहून राहिला बे? आलूबोंडा खाते काय?"

रामटेके सर उठले, गेले आणि त्यांनी सरांचा दंड चाचपून पाहिला. मग पायच धरले. सर म्हणाले, "अरे, कायले? बस ना." मग माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमच्याच उद्घाटनाले निघालो होतो जी. बस अठीच बंद पडली. तेव्हापासून बसून राहिलो. झालं काय उद्घाटन?"

"झालं सर."

"कसं झालं?"

काय सांगणार? म्हटलं, "सर, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

सर खूश झाले. म्हणाले, असे कार्यक्रम आता कुठं होतात! तेवढ्यात त्यांची नजर सुमोतल्या पुष्पचक्रावर गेली. चेहरा एकदम गंभीर.

"कोण गेलं?"

आम्ही तिघं एकमेकांकडं पाहू लागलो. लखनला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो पाण्यानं काच धुता धुता म्हणाला, "केशोरी के कोई सर थे साहब. बहुत अच्छे आदमी थे बोलते."

"केशोरीचे सर?" सर विचारात पडले. "आमच्या शाळेचे गुरुजी तं नाही ना? खोकलून राहिले होते बिचारे. अरेरे! मले कसं कोणी सांगतलं नाही? चला, मीही येतो. गावचा माणूस हाये, गेलंच पाह्यजे."

आणि चढले की हो सुमोत! फुलं चुरगळू नयेत म्हणून पुष्पचक्र स्वतःच्या मांडीवर घेतलं. माणूस स्वतःच्याच मयतीला निघाला, तोही स्वतःचं पुष्पचक्र सांभाळत!

गाडी सुरू झाली. रामटेके सर मला कोपरानं ढोसत होते, सांगा ना, सांगा ना. मी बडे बाबूंना ढोसत होते. बडे बाबू डोळे मिटून झोपेचं सोंग घेत होते. मी शब्द जुळवत होते. 'सर, एक छोटीशी चूक...' छोटीशी? 'सर, तुम्ही आज सकाळी...' छे!

तेवढ्यात सरांनी फुलांमधली पट्टी सरळ केली आणि वाचली. 'भावपुर्ण श्रद्धांजली, प्रा. बोपचे सर.'

चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "रामटेके."

"जी सर."

"भावपूर्णमधला पू दीर्घ असते."

"जी सर."

"आता सांगा. मले काय झालं होतं?"

बडे बाबूंना तेवढ्यात जाग आली. "सर, तब्येत ठीक नव्हती म्हणे तुमची."

मग मी सगळं सांगून टाकलं. कंप्युटर, पडदा, मौन, पेढे, सगळं. सर आधी ऐकत राहिले, मग पोट धरून हसायला लागले. पेढे कसे होते, हेही विचारलं. मला जरा हायसं वाटलं आणि मी बोलून गेले, "भाऊसाहेब तर तिकडूनच तुमच्या घरी निघालेत."

सरांचं हसू गपकन थांबलं.

"घरी तुमची काकू एकटी हाये," ते म्हणाले. "तिले बीपी हाये मॅडम. पोरं पुण्याले."

 इतका वेळ मी माझी फजिती मोजत बसले होते. त्या बाईच्या दारात कोणी जाऊन उभं राहील आणि काय सांगेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. मोबाइल काढला, तर रेंज नाही. लखनला काही सांगावं लागलं नाही, त्यानं आपणच गाडी अशी दामटली की धानाच्या बांध्या खिडकीतून पळायला लागल्या. अर्जुनी गेलं, रस्ता खडबडीत झाला.  सरांनी पुष्पचक्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, जणू तेच पडू नये म्हणून सगळी धडपड चालली आहे.

सरांच्या घरापुढं भाऊसाहेबांची गाडी उभी होती.

आत शिरलो. ओसरीवर खुर्चीत भाऊसाहेब, एका हातात रुमाल, एका हातात चहाची बशी. समोर काकू सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. शांत! भाऊसाहेबांनी वर पाहिलं. दारात बोपचे सर उभे, हातात पुष्पचक्र. बशी गेली खाली, चहा धोतरावर, आणि भाऊसाहेब खुर्चीवरच उभे राहिले. सत्तरीच्या माणसाला मी खुर्चीवर चढताना त्या दिवशीच पाहिलं.

काकू म्हणाल्या, "आले काय जी? एवढी फुलं कायले आणली?"

तोपर्यंत काय झालं होतं, ते काकूंनी मग सांगितलं. भाऊसाहेब आले आणि डोळ्यांना रुमाल लावत म्हणाले, "वहिनी, सर गेले म्हणे?"

"हो जी," काकू म्हणाल्या, "सकाळीच गेले."

"कसे गेले?"

"बसनं."

भाऊसाहेबांना वाटलं, बसमध्येच गेले! म्हणाले, "त्रास तं नाही ना झाला?"

"कायचा त्रास? पोटभर भात खाऊन गेले."

"मग आता आणतीन कवा?"

"आणते कायले? आपले आपणच येतीन संध्याकाळपर्यंत."

हे ऐकून भाऊसाहेबांना वाटलं, दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून ते बिचारे त्यांना एकटं सोडायला नको, असं म्हणून बसून राहिले होते!

काकूंना सगळं सांगितल्यावर त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मरन कसा हा माणूस? सकाळी माह्यासंग भांडून गेला. भांडण अर्धंच झालं अजून." पण बोलता बोलता त्यांनी सरांच्या सदऱ्याची बाही पकडली होती, ती कितीतरी वेळ सोडली नाही. मी पाहिलं ते. मला तिथंच रडू फुटलं आणि काकूच मला पाणी द्यायला उठल्या.

भाऊसाहेब धोतर झटकत खाली उतरले. "मले एक सांगा. हे कोणं सांगतलं?"

रामटेके सरांनी बडे बाबूंकडं पाहिलं. बडे बाबूंनी माझ्याकडं. मी म्हटलं, "कंप्युटरनं."

"आणि कंप्युटरले कोणं सांगतलं?"

 यादी डोळ्यापुढं आली. ॲक्टिव्ह, चालू. एक्स्पायर्ड...

"अगं बाई!" एवढंच निघालं तोंडातून.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब सकाळीच कॉलेजात हजर. सोबत बोपचे सर. म्हणाले, आम्हाला पाहायचं आहे हे प्रकरण. मी आपली खालमानेनं कंप्युटर लावला. भाऊसाहेबांनी आधी स्वतःचं नाव टाकायला लावलं. मयत! रामटेके सर, मयत. प्राचार्य आणि बडे बाबू तेवढे चालू. कारण त्या दोघांच्या सभासदत्वाचं नूतनीकरण मी पहिल्यांदा केलं होतं, बाकीच्यांचं राहून गेलं होतं. भाऊसाहेब विचार करून म्हणाले, "या दोन्हीत इज्जतीचं कोणतं समजायचं बाई?"

मी त्यांच्यासमोरच दुरुस्ती केली. 'मयत' खोडलं आणि तिथं बरोबर शब्द टाकले, 'मुदत संपली'. 'चालू' खोडून 'वैध' लिहिलं. पुन्हा बोपचे सरांचं नाव टाकलं, बटण दाबलं.

प्रा. बोपचे: मुदत संपली.

सरांनी चष्मा सारखा करून वाचलं. "सुधारणा हाये मॅडम," ते म्हणाले. "काल सरळ मेलो होतो. आज नुसती वेळ भरली."

सगळे हसले. मीही हसले, म्हटलं चला, निभावलं. तर सर म्हणतात, "आता तुमचं नाव टाका बरं जी."

टाकलं. मोठ्या विश्वासानं टाकलं. सगळ्या कॉलेजाचं नूतनीकरण माझ्या हातात, पण माझं स्वतःचं कुठं केलं होतं?

ग्रंथपाल मॅडम: मुदत संपली.

भाऊसाहेबांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि प्राचार्यांना म्हणाले, "राहू द्या हा कंप्युटर अठीच. आता खरं बोलायले लागला."